नादकाटा आणि लोहचुंबक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून सात-आठ जणांनी मला विचारलं, ‘तू नेमकं करतेस तरी काय?’ ‘स्फटिकांतील स्पिन आणि जालक कंपनं’ असं म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, ‘बरं, मुलं काय करतात?’ आता माइक माझ्या हातात आहे, तेव्हा उत्तर पूर्ण करते.

आपल्या प्रयोगशाळेत नादकाटा होता आणि पट्टीचुंबकही होता. या दोघांचं एकमेकांशी नातं काय, हाच माझा विषय.

स्फटिकात अणू ओळीनं बसलेले असतात, पण स्वस्थ नसतात. आपापल्या जागी ते सतत थरथरतात. ही जालक कंपनं, म्हणजे आपला नादकाटा. काही अणू इवल्या चुंबकासारखे वागतात. त्याचं मूळ इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणधर्मात आहे. पदार्थ थंड होत गेला, की ठरावीक तापमानाला हे चुंबक प्रार्थनेच्या रांगेसारखे शिस्तीत येतात.

शेजारच्या स्पिनची एकमेकांवरची पकड अणूंमधल्या अंतरावर आणि कोनावर अवलंबून असते. म्हणून स्पिन शिस्तीत आले, की अणूंना जोडणारी जणू स्प्रिंग किंचित ताठ किंवा सैल होते आणि कंपनांचा सूर बदलतो. हा सूर आम्ही लेसरनं ऐकतो. विखुरलेला प्रकाश कंपनांना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, त्यामुळे त्याचा रंग जरासा बदलतो. हाच १९२८ सालचा रामन परिणाम. ज्याच्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करायचो, तोच आज माझं रोजचं हत्यार आहे.

मल्टिफेरॉइक पदार्थांत चुंबकीय शिस्तीबरोबर विद्युत ध्रुवही असतात. बिस्मथ फेराइटमध्ये बिस्मथचे अणू मधल्या जागेवरून सरकतात, त्यातून विद्युत ध्रुव येतात. चुंबकत्व लोहाचे अणू सांभाळतात. पहिली व्यवस्था सुमारे ८२५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, दुसरी सुमारे ३७० पर्यंत. म्हणजे या खोलीतही दोन्ही एकत्र नांदतात. २००३ साली जपानी शास्त्रज्ञांनी टर्बियम मँगनाइटमध्ये चुंबकीय क्षेत्र लावून विद्युत ध्रुवांची दिशा काटकोनात वळवून दाखवली. मात्र हे घडतं ते उणे २४५ अंशांच्या खाली.

‘याचा उपयोग काय?’ चुंबकीय नोंद बदलायला विद्युतप्रवाह लागतो, तारा तापतात आणि ऊर्जा वाया जाते. नुसत्या व्होल्टेजनं चुंबकाची दिशा बदलता आली, तर ही नासाडी पुष्कळ कमी होईल. पण त्यासाठी रोजच्या तापमानाला दोन्ही गुण भक्कम असलेला आणि एकमेकांचं ऐकणारा पदार्थ हवा. बिस्मथ फेराइटमध्ये स्पिन सुमारे ६२ नॅनोमीटरच्या आवर्तनात फिरत राहतात, त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जवळजवळ जाणवतच नाही. काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ते आजच्या आठवी-नववीतल्या मुलांच्या वाट्याला येणार आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या बॅचच्या निधीतून स्वागत कमान उभारायचं चाललं आहे. कमान अवश्य व्हावी. पण आधी प्रयोगशाळेत दर दोन मुलांमागे एक नादकाटा आणि एक चुंबक येऊ द्या. मुलांनी तो फळ्यावरच्या आकृतीत पाहू नये. स्वतः वाजवावा, कानाशी धरावा. माझा वाटा मी आजच कार्यालयात जमा केला आहे.