चावडी कोणाची, सभागृह कोणाचे?

(इंदिरानगर, नाशिक येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे खेड्यातील एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



जेथे बसून आपल्या गावाचा कारभार चालतो, त्या घरांविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. ही घरे आपल्याच पैशाने उभी राहतात, पण आत पाऊल टाकताना आपणच बिचकतो.

जुनी चावडी आठवा. पाटील लोडाला टेकलेला, कुलकर्णी दप्तर उघडून बसलेला, आणि ज्याच्या घामातून सारा यायचा तो कुणबी पायरीखाली हात जोडून उभा. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तर पायरीसुद्धा वर्ज्य. बायाबापड्यांचे नावच काढू नका. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव पास करून घेतला की, सार्वजनिक पैशाच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. कागदावर दार उघडले. पण उघडलेल्या दारातून आत जाणे किती कठीण, हे १९२७ साली महाडास दिसले.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. मंडईची टोलेजंग इमारत बांधण्यास त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. १८८६ साली इमारत झालीच, आणि आज तिलाच त्यांचे नाव आहे! दगडाला नाव देणे स्वस्त पडते.

आता आपल्या घरचे पाहू. पाथर्डी-वडाळ्याकडची ही शेते होती. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली, वस्ती वाढली. शहराबाहेरच्या खेड्यात आजही ग्रामसभा भरते. मतदारयादीत नाव असलेला कोणीही गडी वा बाई उठून सरपंचास हिशेब विचारू शकते. त्याआधी बायांची निराळी सभा घ्यावी लागते. शहरात राजीव गांधी भवनात महासभा भरते, तिथे बोलायचे ते नगरसेवकांनी. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकही नव्हते! प्रशासकच ठराव मांडणार, प्रशासकच मंजूर करणार. सभागृहात खुर्च्या होत्या, पंखे होते, माणसे नव्हती. घरपट्टीचे बिल मात्र वेळेवर येत राहिले.

२००९ साली राज्याने शहरांच्या कायद्यात 'क्षेत्रसभा' घातली. आपल्या भागातील मतदारांनी एकत्र बसून कोणती कामे आधी व्हावीत ते सुचवायचे. हे नाव ऐकलेल्यांनी हात वर करा. (एकही हात वर झाला नाही.) पाहा!

त्या सभेला संगमरवरी दिवाणखाना लागत नाही. रविवारी शाळेचे वर्ग मोकळे असतात, समाजमंदिराचा ओटाही आहे. क्षेत्रसभा बोलवा, असा आयुक्तांच्या नावे अर्ज मी लिहून आणला आहे. आधी बायांनी सह्या कराव्यात, मग पुरुषांनी. सही येत नसेल त्यांनी अंगठा उठवावा; शाई टेबलावर ठेवली आहे.

इतके बोलून आपली रजा घेतो.