ग्वाचॉनची झाडं आणि आपली झाडं

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



‘परदेशातल्या सोसायट्या’ या विषयावर मी बोलावं, असं कमिटीनं सुचवलं. सगळा परदेश काही मी पाहिलेला नाही. मुलगी-जावई दक्षिण कोरियात असतात. त्यांच्याकडे २०१५ साली आणि पुन्हा २०२३ साली राहून आलो, त्या एका गावाबद्दल सांगतो.

गावाचं नाव ग्वाचॉन. सोल या राजधानीला अगदी चिकटून, ग्वानाक आणि चॉन्गे या दोन डोंगरांच्या मधे. वस्ती जेमतेम सत्तर-ऐंशी हजार. सकाळी मेट्रोनं माणसं सोलला कामाला जातात, संध्याकाळी परत येतात. आपल्या बदलापूर-डोंबिवलीसारखंच, फक्त डब्यात उभं राहायला जागा असते!

सोलच्या वेशीवर असूनही हे गाव हिरवं कसं राहिलं? १९७१ साली सरकारनं सोलभोवती हरितपट्टा आखला, त्यात इथली चार-पंचमांशाहून जास्त जमीन आली. पुढे १९८२ पासून सरकारी कचेऱ्या इथं आल्या आणि कर्मचाऱ्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. १९८६ साली गावाला शहराचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास प्राणिसंग्रहालय आलं, आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आलं.

मुलगी तेव्हा भाड्यानं राहायची ती इमारत पाच मजली, बिनालिफ्टची. पण खिडकीबाहेर झाडं इमारतीपेक्षा उंच! उन्हाळ्यात दुपारी म्हातारी मंडळी सावलीत बसलेली असायची. मीही त्यांच्यात जाऊन बसायचो. भाषा येत नव्हती, पण गुडघेदुखी खुणेनं कळते.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्या घरांचे पाइप गंजले होते. पार्किंग तर विचारू नका. उभ्या गाड्यांपुढे आडव्या गाड्या लावायच्या आणि न्यूट्रलमध्ये ठेवून जायच्या. ज्याला निघायचंय त्यानं समोरची गाडी ढकलायची. तेव्हा लोकांना रिडेव्हलपमेंट हवी होती, यात काही चूक नव्हतं.

२०२३ ला गेलो तेव्हा त्या जागी पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर. घरं उत्तम, लिफ्ट, गाड्या सगळ्या जमिनीखाली. वर बाग आहे, पण ती पार्किंगच्या छतावर टाकलेल्या मातीत. झाडं काठ्यांच्या आधारानं उभी. जुनी झाडं बहुतेक गेली. पस्तीस वर्षांच्या मुळांना तळघर खणताना जागा कुठून मिळणार? सावली नाही, म्हणून बाकांवर दुपारी कुणी नाही.

गंमत बघा. कचेऱ्या २०१२ पासून सेजोंगला हलायला लागल्या. २०२० साली सरकारनं त्या कचेऱ्यांसमोरच्या मोकळ्या मैदानावर चार हजार घरं बांधायचं जाहीर केलं. तेव्हा हेच ग्वाचॉनकर रस्त्यावर उतरले. महापौरांना परत बोलावण्यासाठी मतदानापर्यंत प्रकरण गेलं. वर्षभरात सरकारनं तो बेत सोडला. म्हणजे सार्वजनिक मैदान लोकांनी राखलं आणि स्वतःच्या कंपाउंडमधली झाडं गेली. मैदान नकाशावर होतं, त्याच्यासाठी भांडता आलं. झाडं घराच्या चौरस फुटांत कुठं धरलेली नसतात.

हे आज सांगायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. ‘रिडेव्हलपमेंट’ हा शब्द जिन्यात ऐकू यायला लागलाय. ती कधी ना कधी होईल, व्हावीही. गळक्या गच्चीचा मलाही कंटाळा आलाय. पण आपल्या राज्यात झाडाला ‘हेरिटेज’ म्हणायला पन्नास वर्षं लागतात, आपली झाडं पंचवीसची आहेत. कायद्याची परवानगी घेऊन ती तोडता येतील. तेव्हा ती राखायची तर आपणच ठरवायला हवं.

माझी विनंती एवढीच. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव करू. प्रत्येक झाडाला नंबर देऊन, बुंधा मोजून यादी करायची. ती यादी उद्याच्या टेंडरला जोडायची. आणि कंपाउंडलगतच्या कडुनिंब-बकुळीच्या रांगेखाली तळघर न्यायचं नाही, ही अट आधीच घालायची. बिल्डर आल्यावर बोलायला गेलो तर उशीर झालेला असेल.

यादी करायला मी आणि माझी मोजपट्टी तयार आहोत. रविवारी सकाळी सात वाजता गेटपाशी भेटू.