रानांतील पाडसें आणि त्यांचे पहिले दिवस



वसईहून विरारकडे जातांना गाडीच्या पूर्वेकडील खिडकींतून जी डोंगरांची रांग दिसते, तींत तुंगार आणि कामणदुर्ग हीं दोन शिखरें उठून दिसतात. दोन्ही सुमारें दोन हजार फूट उंचीचीं. त्यांच्या अंगाखांद्यावरील रान २००३ सालीं तुंगारेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८५ चौरस किलोमीटर. एकीकडे मुंबईचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसरीकडे तानसा अभयारण्य, यांना जोडणारा हा दुवा आहे. पायथ्याशीं मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याच्या पलीकडे वसई-विरारची दाट वस्ती. आपणांपैकीं पुष्कळजण तुंगारेश्वराच्या दर्शनास जाऊन आले असतील. त्या वाटेच्या कडेस, हातभर गवतांत, एखादें पाडस निजून असेल आणि आपण त्याच्या दहा पावलांवरून निघून आलों असूं, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानीं येते. आजचें भाषण त्या पाडसाविषयीं आहे.

उत्तर कोकणांतील इतर रानांप्रमाणें या डोंगरांतूनही एके काळीं बंदूकवाले आणि जाळीं लावणारे पारधी यथेच्छ फिरत. त्यांत निव्वळ हौसेखातर हिंडणारे होते, तसे निरीक्षणाची दृष्टि असलेलेही होते. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं निघाली, तेव्हां तिच्या मंडळींत शिकारीचे शोकी थोडे नव्हते. आपल्याकडील प्राण्यांविषयींची पुष्कळशी जुनी माहिती अशांच्याच टिपणांतून आलेली आहे. जाणत्या शिकाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असे. नर मारल्यानें रान लवकर रितें होत नाहीं. दूध पाजणारी मादी पडली म्हणजे मात्र एका गोळीनें दोन जीव जातात. १९१२ च्या कायद्यानें ठराविक काळांत शिकार बंद ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, त्याच्या मुळाशीं हाच व्यवहार होता. पुढें १९५१ सालीं मुंबई राज्यानें आपला स्वतंत्र कायदा केला, १९७२ सालीं देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शोकाखातर होणारी शिकार बंदच झाली.

बंदूक गेली म्हणजे पाडसें वांचलीं, असें आपण सहज धरून चालतों. तें तपासून पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडील हरणांची वीण एकाच ऋतूंत होत नाहीं. चितळाच्या माद्या वर्षांत केव्हांही वितात, तरी हिवाळा सरतांना आणि उन्हाळ्याच्या तोंडीं पाडसें अधिक दिसतात. सांबराचीं पाडसें बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत जन्मतात. भेकराला तर ऋतूचें बंधन जवळ जवळ नाहींच. चितळ व सांबर यांचा गर्भकाळ साधारण आठ महिन्यांचा, भेकराचा सुमारें सात. आणि एका वेळीं पाडस बहुधा एकच. म्हणजे तें दगावलें कीं मादीचें सबंध वर्ष फुकट गेलें.

वेळ भरली म्हणजे मादी एकांतांत, दाट जाळींत शिरते. पाडस जन्मतांच ती त्याला चाटून कोरडें करते आणि वार स्वतः खाऊन टाकते, कारण तिच्या वासावर कोल्हा किंवा बिबट्या यावयास वेळ लागत नाहीं. थोड्या वेळानें पाडस लटपटत उभें राहतें, दूध पितें. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाडस चार पावलें चालून एखादी आडोशाची जागा धरतें, मान लांब करून जमिनीला टेकतें, आणि आई त्याला तेथेंच ठेवून चालूं लागते. पाहणाऱ्यास हें निष्ठुरपणाचें वाटतें. वस्तुतः आईच्या अंगाला उग्र वास असतो, पाडसाच्या अंगाला फारच थोडा. ती जवळ राहिली तर तिच्याच वासानें पाडसाचा पत्ता लागावयाचा. म्हणून ती दूर चरते, दिवसांतून मोजक्या वेळां येते, पाजते, पाडसाचें मलमूत्रही चाटून नाहींसें करते, आणि पुन्हां निघून जाते.

त्या अवधींत पाडसाला एकच काम असतें, तें म्हणजे न हलणें. अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पाडसांना यंत्रें लावून पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं धोक्याची चाहूल लागतांच त्यांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. भीतीनें छाती धडधडते हा आपला अनुभव. येथें सारें उलट! अंगावरील पांढरे ठिपके पानांतून झिरपणाऱ्या कवडशांत मिसळून जातात. चितळाला ते जन्मभर राहतात, भेकराच्या पाडसाचे कांहीं महिन्यांत मावळतात. चितळाचें पाडस लवकरच कळपाबरोबर हिंडूं लागतें. एकटें राहणाऱ्या भेकराचें पाडस अधिक काळ असेंच दडून असतें.

बिबट्याची नजर हालचालीवर असते, त्यामुळें ही युक्ति त्याच्यापुढें बऱ्याच अंशीं चालते. बऱ्याच अंशींच म्हणतों, कारण सगळीं पाडसें कोणत्याही रानांत कधीं जगत नाहींत. आणि जगलीं तर बिबट्यानें खावें काय? परंतु युक्ति चालते ती जुन्या, ओळखीच्या शत्रूपुढें. अमेरिकेंत हरणांची शिकार अद्याप कायदेशीर आहे, आणि शिकारीसाठीं राखलेल्या रानांत लोकांचें लक्ष मुख्यतः नरांच्या शिंगांकडे असे. दक्षिण कॅरोलिना राज्यांत नवजात पाडसांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधून माग ठेवला, तेव्हां निम्म्याहून अधिक पाडसें पहिल्या चार महिन्यांतच दगावल्याचें आढळलें. त्यांतील बहुतेक कायोट नांवाच्या कोल्ह्यासारख्या जनावरानें मारलीं होतीं. हा कायोट त्या मुलखांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत येऊन पसरलेला. माद्यांवरील बंदूक आवरली पाहिजे, हा विचार तेथें त्यानंतर जोर धरूं लागला.

तुंगारेश्वरास कायोट नाहीं. पण नवे शेजारी आहेत. रानाच्या कडेच्या उकिरड्यांवर पोसलेलीं मोकाट कुत्रीं हा पहिला. बिबट्या एकटा, दबकत येतो. कुत्रीं टोळीनें जाळी हुंगत पसरतात, आणि पाडसाच्या अंगचा तो थोडासा वासही चार-पांच नाकांना पुरेसा होतो. बिबट्या त्यांतलीं कुत्रीं उचलतो, हें खरें. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांतील बिबट्यांच्या आहारांत कुत्र्यांचा वाटा बराच असल्याचें अभ्यासांत दिसलें आहे. पण कुत्र्यांच्या लोभानें तो वस्तीपर्यंत येतो, आणि मग आपण त्यालाच बोल लावतों.

दुसरा शेजारी वणवा. माघ-फाल्गुनांत गवत वाळून कोळ झालेलें असतें, आणि चितळाचीं पाडसें त्याच सुमारास त्या गवतांत असतात. वणव्याचा दोष नेहमीं वारली-कातकऱ्यांच्या माथीं मारण्याची आम्हां नागर मंडळींना खोड आहे. सहलीच्या चुली कोणाच्या, आणि वाटेवर पडलेलीं सिगारेटचीं थोटकें कोणाचीं, हें कोणी पाहत नाहीं. वनखातें वेळेवर जाळरेषा काढतें तेथें आग अडते. पण जाळरेषेच्या आंत लागलेल्या आगीला ती काय करणार? सांबराची मादी धूर येतांच पळते. आठवड्याचें पाडस जें त्याला येतें तेंच करतें. तें हलत नाहीं.

या प्रसंगीं आपल्याच मुलखांतील एका दगडाची आठवण होते. तुंगारच्या पश्चिमेस सोपाऱ्याला १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. पूर्वींचे राजे मृगयेच्या सफरींवर निघत. अशोकानें राज्याभिषेकाला दहा वर्षें झाल्यावर त्या सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, असा त्या लेखाचा विषय. परंतु उत्तरेकडील स्तंभांवरचा पांचवा लेख मला अधिक व्यवहारी वाटतो. गाभण व दुभत्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आंतील त्यांचीं पिल्लें मारूं नयेत, असें त्यांत बजावलें आहे. आणि विनाकारण किंवा जीवहत्येसाठीं रान पेटवूं नये, असेंही. स्वतःची मृगया सोडून भागत नाहीं, आगीचा निराळा उल्लेख करावा लागतो, हें त्या राजाच्या ध्यानीं आलें होतें.

तिसरा शेजारी सर्वांत सज्जन. तो म्हणजे दयाळू सहलकरी. गवतांत एकटें पाडस दिसलें, तें पळतही नाहीं, तेव्हां त्याची आई मेली असा तर्क करून तो त्याला उचलतो, पाणी पाजतो, बाटलीनें गाईचें दूध देतो. अशा पाडसांपैकीं फार थोडीं जगतात, आणि जगलेलीं रानांत परत जाण्याच्या कामाचीं राहत नाहींत. तेव्हां पाडस दिसलें तर त्याला हात लावूं नये, छायाचित्रासाठीं भोंवतीं घोळका करूं नये, बरोबर कुत्रें असेल तर त्याला आवरावें, आणि आल्या वाटेनें मुकाट्यानें परतावें. अंगावर जखम असेल किंवा शेजारीं मादी मरून पडली असेल, तरच वनखात्याच्या चौकीस कळवावें. एरव्हीं आई जवळपासच्या जाळींत कान टवकारून उभी असते. माणसांचा वावर थांबल्यावर, बहुधा दिवस कलतांना, ती येते. आणि तिला यावयास उशीर झाला तरी पाडस जागचें हलत नाहीं.