आकडा छापला, पुढे काय?



अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचे कौतुक करावे आणि जेवणाची वेळ टळू देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. दुसरी मी नक्की पुरी करीन. पहिलीबद्दल माझे थोडे भांडण आहे, आणि ते आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या घरातलेच आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती जगेल हे रक्तावरून सांगू पाहणाऱ्या चाचण्यांबद्दल मी बोलतो आहे.

एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीचा रुग्ण, गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग, उद्या ऑपरेशन. पांढऱ्या पेशी ११,०००. न्यूट्रोफिल ८० टक्के, लिम्फोसाइट १२. या दोहोंचा भागाकार, म्हणजे रेशो, साडेसहाच्या वर. अल्ब्युमिन ३.१. आपला विद्यार्थी लगेच म्हणेल, ‘सर, रेशो पाचच्या वर, प्रोग्नोसिस वाईट.’ मी त्याला विचारीन, तोंडातली जखम चिघळली आहे का? घास गिळता येत नाही म्हणून माणूस महिनाभर पेजेवर आहे का? आदल्या दिवशी डेक्सामेथासोन टोचले होते का? स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. त्यात गाठीचा काडीचाही संबंध नसतो.

पण म्हणून हा रेशो टाकाऊ ठरत नाही. गाठीच्या आत पांढऱ्या पेशी दिसतात हे विर्चोने १८६३ मध्येच नोंदवले होते. दाह आणि कर्करोग यांचे साटेलोटे जुने आहे. २०१४ मध्ये शंभर अभ्यास आणि चाळीस हजारांवर रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांचा रेशो चढा त्यांचे आयुष्य कमी, हेच निघाले. अडचण रेषेची आहे. कुणी ती दोनच्या आसपास आखली, कुणी सातच्या. आपापल्या रुग्णांत जिथे फरक उठून दिसला तिथे रेषा ओढायची, आणि मग फरक दिसला म्हणून पेपर छापायचा!

त्या मानाने ग्लासगोकरांची भाकिताची गुणपद्धत मला नेटकी वाटते. दाहात वाढणारे सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण. त्याच्या जोडीला अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर दोन. सुधारित पद्धतीत नुसत्या कमी अल्ब्युमिनला शून्य. हे शून्य आपण नीट पाहावे. आपल्याकडे अल्ब्युमिन उतरायला कर्करोगच लागतो असे नाही; उपासमार, यकृत, मूत्रपिंड, कशानेही ते उतरते.

तरी माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. समजा भाकीत अचूक निघाले; मग आपण वेगळे काय करणार? ऑपरेशन थांबवणार? केमो वाढवणार? उत्तर नसेल, तर तो आकडा फक्त नातेवाइकांची झोप उडवतो.

निर्णय बदलणारे आकडे आहेत, पण मोजके. सीईए हा आतड्याच्या कर्करोगातला मार्कर १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला. वाटले, कर्करोग ओळखणारी चाचणी हाती आली. पुढे कळले की ते विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढते. निदानाला कुचकामी ठरलेली ही चाचणी आतड्याच्या ऑपरेशननंतर मात्र कामाची ठरली. ऑपरेशनआधी चढलेले सीईए महिना-दीड महिन्यात खाली आले नाही, तर काहीतरी मागे राहिले आहे का, हे शोधायला हवे. त्यासाठी ऑपरेशनआधीचा आकडा हवा, आणि दर वेळी तीच लॅब, तीच पद्धत. आपल्या किती फायलींत तो पहिला आकडा सापडतो?

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले, २०२२ चे. आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगाचे ४५५ रुग्ण. एका गटात ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए तरंगतो आहे का ते पाहून केमो ठरवली, दुसऱ्यात नेहमीसारखी. नेहमीच्या गटात २८ टक्क्यांना केमो मिळाली, डीएनए पाहिलेल्या गटात १५ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनी रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, ९२-९३ टक्के. जवळजवळ निम्म्यांची केमो वाचली. चाचणी महाग आहे, तालुक्याला पोचायला वेळ लागेल. पण कोणत्याही नव्या मार्करला मी हीच कसोटी लावीन.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. रिपोर्टवर टक्क्यांबरोबर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या छापावी. ‘प्रोग्नोसिस वाईट’ असा शेरा लॅबने मारू नये. आणि रक्त पाठवताना सर्जन मंडळींनी ताप, जंतुसंसर्ग, स्टेरॉइड आणि ऑपरेशनची तारीख फॉर्मवर लिहावी. जागा कुठे आहे, असे कुणीतरी विचारेलच. फॉर्मची मागची बाजू पूर्ण कोरी असते.