दिंडीच्या गाडीतला उजेड



पुण्याहून सोलापूरकडे जाताना टेंभुर्णीत पंढरपूरचा रस्ता फुटतो. आषाढीच्या आधी दिंडीच्या गाडीसाठी बॅटरी घ्यायला माणसं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मोठा इन्व्हर्टर दाखवा." मी म्हणतो, "माउली, आधी चार्जर बघू."

हिशेब सोपा आहे. पाच वॅटचे आठ दिवे पाच तास लावले, तर २०० वॅट-तास वीज लागते. वीस मोबाइलना साधारण ३०० धरा. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मिळवली की झाले सहाशेच्या आसपास. बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी १२०० वॅट-तासांची असते. पण शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे ती टिकते. तेव्हा ही एक बॅटरी एका मुक्कामाला पुरते. दिवे बारा व्होल्टचेच घेतले, तर ते थेट बॅटरीवर चालतात आणि वीज वाचते.

आता ही निम्मी बॅटरी भरायची कधी? मुक्कामी वीज मिळते ती रात्रीपुरती. तीन अँपिअरच्या स्वस्त चार्जरला सतरा तास लागतील, आणि पालखी तर पहाटे हलते. रोज थोडी बॅटरी रिकामी राहते आणि तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला अंधार होतो. पावसाळ्याच्या रात्री राहुटीबाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या आजींच्या पायाखाली काय असेल, सांगता येत नाही.

म्हणून चार्जर बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे दहा अँपिअरचा घ्यावा. सहा-सात तासांत काम होतं. तो ऑटोमॅटिक असावा: साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरून मग साडेतेरापर्यंत उतरणारा. नाहीतर बॅटरीतलं पाणी उकळून जातं. लिथियमची बॅटरी घेतलीत, तर चार्जरही तिच्यासाठीचाच घ्या.

आणखी दोन गोष्टी. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती शेगडी आणि सिलिंडरपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवा. बॅटरीच्या तारेवर, अगदी टोकाजवळ फ्यूज बसवा. ताडपत्रीखाली ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही.

इन्व्हर्टर शेवटी निवडा, गरजेपुरताच. दिंडी निघण्यापूर्वी एक रात्र घरीच सगळे दिवे लावून बघा आणि सकाळी बॅटरी भरायला किती तास लागले ते लिहून ठेवा.

राम कृष्ण हरी.