दुष्यंताला सोडवलं कुणी?



नाच बघायला आलेली मुलं भाषण ऐकत नाहीत, हे मला लवळ्याच्या या शाळेच्या स्नेहसंमेलनाला येण्याआधीच बजावलेलं आहे. म्हणून मी तुमच्या हस्तलिखिताबद्दलच बोलते. ज्यांनी ते लिहिलं, निदान ते तरी ऐकतील.

यंदा तुम्ही जुन्या नाटकांतली माणसं घेतलीत आणि नाटकात जे सांगितलेलं नाही ते लिहिलंत. एकीनं ‘एकच प्याला’मधल्या तळीरामाच्या बायकोचं, गीतेचं, माहेरी धाडलेलं पत्र लिहिलंय. एकानं ‘नटसम्राट’मधल्या सुनेची बाजू मांडलीय. मघाशी बाहेर एक पालक हस्तलिखित चाळत म्हणाले, “हे गडकऱ्यांनी कुठं लिहिलंय? पोरांनी मनचंच घातलंय की.” मनचंच घातलंय, अगदी खरं. इंटरनेटवर याला फॅन फिक्शन म्हणतात आणि जगभरची पोरं ते लिहीत बसलेली असतात. पण हा उद्योग काही त्यांनी सुरू केलेला नाही. त्यातलं सगळ्यात मोठं नाव घ्यायचं तर कालिदास.

त्याच्या ‘शाकुंतल’ नाटकाआधी महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची गोष्ट आहे. तिथं अंगठी नाही. मासा नाही, कोळी नाही, दुर्वासाचा शाप नाही. अनसूया आणि प्रियंवदा या मैत्रिणीसुद्धा नाहीत. आपल्या जन्माची हकिगत शकुंतला स्वतःच्या तोंडानं राजाला सांगते. लग्नाला हो म्हणण्याआधी अट घालते, की माझ्या पोटी येणारा मुलगाच गादीवर बसला पाहिजे. पुढं त्या मुलाला घेऊन ती दरबारात जाते. दुष्यंताला सगळं लख्ख आठवत असतं, तरी तो म्हणतो, मला काही आठवत नाही, तू कोण? मग भर दरबारात ती त्याला जे सुनावते ते तुम्ही मुळातून, नाहीतर चांगल्या भाषांतरातून, वाचाच. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा राजेसाहेब कबूल करतात की ठाऊक होतं हो मला, पण नुसत्या हिच्या शब्दावर हिला घरात घेतलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता.

असा नायक कालिदासाला नाटकात चालणार नव्हता. त्यानं काय केलं? दरबारातला नकार तसाच ठेवला आणि नकाराचं कारण बदललं. शाप घातला, अंगठी घातली, ती पाण्यात पाडली, माशाच्या पोटात घातली. झालं, दुष्यंत सुटला! आता तो खोटं बोलत नाही, बिचारा विसरलाय. एवढ्या एका बदलावर सात अंकांचं नाटक उभं राहिलं आणि जगानं ते डोक्यावर घेतलं. मीही घेते. पण दुष्यंताला सोडवण्याची किंमत शकुंतलेनं मोजली, असं मला दर वेळी वाटतं. तिची अट गेली. जन्मकथा मैत्रिणींच्या तोंडी गेली. पाचव्या अंकात ती चिडते खरी, पण आदिपर्वातली ती बाई काही उरत नाही. तुमच्यापैकी कुणाला लिहायला विषय हवा असेल तर हा घ्या: कालिदासाच्या दरबारात महाभारतातली शकुंतला आली तर?

याच नाटकाचे पहिले चार अंक अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी मराठीत, गाण्यांसकट, पुण्यात केले आणि आपली संगीत रंगभूमी उभी राहिली.

आता ‘नटसम्राट’मधल्या म्हातारेबुवांकडे येते. प्रत्येक स्नेहसंमेलनात कापसाची दाढी लावलेला एक तरी गणपतराव बेलवलकर असतोच. आज इथंही होता, आणि दाढी सुटली तरी तो थांबला नाही, हे मला फार आवडलं. हा म्हातारा आला कुठून? शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधून. आणि शेक्सपिअरकडे? त्याच राजावर इंग्लंडात आधीच एक नाटक होतं, त्यात तो शेवटी गादीवर परत बसतो. शेक्सपिअरनं मुलगीही मारली आणि बापही. लोकांना ते सोसेना. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या गृहस्थानं शेवट फिरवला, धाकट्या मुलीला जगवलं, तिचं लग्न जुळवलं, आणि पुढं जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगमंचावर हेच गोड नाटक चाललं.

शिरवाडकरांनी १९७० मध्ये काय केलं बघा. राजाचा नट केला. तीन मुलींच्या जागी एक मुलगा, एक मुलगी. पण खरी भर वेगळीच आहे. लिअरच्या नाटकात त्याची राणी कुठंच दिसत नाही. शिरवाडकरांनी त्याला बायको दिली, कावेरी. ती गेल्यावर तो म्हातारा जितका एकटा पडतो तितका लिअरसुद्धा पडत नसेल. शेक्सपिअरच्या चाहत्यांना हे पटणार नाही; न पटू दे.

मूळ लेखकाला हे सगळं आवडतंच असं नाही. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलवालीनं प्रोफेसराशीच लग्न करावं, असा प्रेक्षकांचा हट्ट होता. शॉ इतका वैतागला की १९१६ मध्ये छापील नाटकाला त्यानं पुरवणीच जोडली: तिनं नाटकातल्याच फ्रेडी नावाच्या तरुणाशी लग्न केलं, विषय संपला. लोकांनी काही ऐकलं नाही. त्याच फुलवालीला पुलंनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणली, तेव्हा त्यांच्यापुढं निराळाच पेच होता. लंडनच्या गल्लीतली इंग्रजी मराठीत कुठून आणायची? ती आपल्याच बोलीतून आणावी लागते.

तुम्ही सगळे इथं कच्चे आहात, आणि बोलीच्या बाबतीत इथल्या टेकडीवरच्या विद्यापीठांपेक्षा श्रीमंत असूनही कच्चे आहात. हस्तलिखितातली सगळी पात्रं क्रमिक पुस्तकासारखी बोलतात. शाकुंतलात राजा संस्कृत बोलतो, पण अंगठी सापडलेला कोळी प्राकृत बोलतो. चोर समजून राजाचे शिपाई त्याला धरतात, मारतात, आणि बक्षीस मिळाल्यावर त्याच्याबरोबरच प्यायला जातात! हा प्रवेश मुळा नदीच्या काठावर आणा. कोळ्याला तुमच्या आज्जीसारखं बोलू द्या. आज्जीला वाचून दाखवा. ती हसली तर जमलं.

आणखी एकच सांगते. मूळ नाटक पूर्ण वाचल्याशिवाय त्यात हात घालू नका. मोबाइलवर दोन मिनिटांचं स्वगत ऐकून बेलवलकर कळत नाही. एक गोष्ट बदलायची, आणि तिच्यामुळं बाकी काय काय हलतं त्याच्या मागं जायचं. आणि पुढं कधी तिकीट लावून प्रयोग करायचा झाला तर हक्कांचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. कालिदास आणि गडकरी मोकळे आहेत, शिरवाडकरांसाठी परवानगी लागेल.

राहिलं गीतेचं पत्र. ते लिहिणारी मुलगी इथंच बसलीय, मान खाली घालू नकोस. तुझी गीता नवऱ्याबद्दल लिहिताना रडत नाही, घरातल्या विकलेल्या भांड्यांचा हिशोब देते, हे फार चांगलं साधलंय. पण शेवटच्या चार ओळींत तळीराम दारू सोडतो. अगं, दीड पान इतकी खरी बाई बोलली, आणि शेवटी टेटसाहेब कुठून आले? त्या चार ओळी खोड, पुन्हा लिही आणि बाईंच्या हाती माझ्याकडे पाठव. पहिलं बक्षीस तरीही तुलाच आहे. ये वर.