तळपायातून रक्तात



पावसाळ्यात आपल्या वेरूळच्या शिवारात अनवाणी खुरपणी करणाऱ्या बायकांच्या पायाला खाज सुटते. "चिखल्या झाल्या" म्हणून आपण हळद-तेल लावतो. बहुतेकदा त्या चिखल्याच असतात. पण कधी कधी ती खाज म्हणजे अंकुशकृमी अंगात शिरल्याची खूण असते.

हा जंत मुख्यतः कातडीतून शिरतो. बाधित माणूस उघड्यावर शौचास बसला की अंडी मातीत पडतात. ओलसर, सावलीच्या जमिनीत आठवडा-दीड आठवड्यात अळ्या तयार होतात. त्या तळपायाची कातडी भेदून रक्तात उतरतात, हृदयातून फुप्फुसात जातात, तिथून घशात येतात आणि गिळल्या गेल्या की लहान आतड्यात मुक्काम करतात. तिथे वर्षानुवर्षे थेंब-थेंब रक्त पितात.

हा मार्ग उलगडला कैरोमध्ये. १९व्या शतकाच्या अखेरीस आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडले. हाताला खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात जंतांची अंडी सापडली.

कातडीतून शिरणारा दुसरा परजीवी महाराष्ट्रातच आढळला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होते. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ साली त्याची नोंद केली. हा रोग शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा. त्याच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून रक्तात जातात.

गिमवी दूर आहे, पण अंगातले रक्त कमी होणे आपल्या घरात आहे. बाई पांढरी पडते, जिना चढताना धापा टाकते, आणि आपण म्हणतो, "नजर लागली." ताबीज बांधतो, पण रक्त तपासत नाही. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत. जंत हे त्यांतले एक, आणि सहज टाळता येणारे. जंत आत तसेच राहिले तर लोहाच्या गोळ्या म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

२०१५पासून देशात जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही अंगणवाडीत मिळते. या गोळीबद्दल मोबाईलवर अफवा आली तर ती पुढे पाठवू नका, आशाताईंना विचारा. गर्भवती बहिणींनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

गोळीने आजचे जंत मरतात, उद्याचे मातीत वाट पाहत असतात. म्हणून दोन गोष्टी मागतो. घरातल्या पुरुषाच्या पायात चप्पल असते, तशी शेतात राबणाऱ्या बाईच्या पायातही बूट हवेत. आणि गाव कागदावर हागणदारीमुक्त असेल, तर ज्या वस्तीत शौचालयाला पाणी नाही त्या वस्तीचा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत आपण मांडायचा. मातीला जात-धर्म कळत नाही. एका वस्तीची घाण साऱ्या शिवाराच्या पायाला लागते.